साहेबांच्या मूल्यमापनात शाखेचेही मत धरा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

मोठ्या बँका आणि कंपन्या हल्ली आपल्या अधिकाऱ्यांना भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाला आवर्जून पाठवतात. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस सहकाऱ्यांचे ऐकून कसे घ्यावे, रागावर ताबा कसा ठेवावा, कौतुक कसे करावे हे शिकवले जाते आणि शिकवणारे बहुतेक वेळा मनापासून शिकवतात. मात्र तिसऱ्या दिवशी तो अधिकारी आपल्या खुर्चीवर परततो, तेव्हा त्याचे वार्षिक गुण, बढती आणि बदली हे सगळे ठेवी, कर्जवाटप, वसुली आणि विमा पॉलिसी यांच्या आकड्यांवरच ठरणार असते. हाताखालच्या माणसांशी तो वर्षभर कसा वागला याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून लागून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो, त्या साऱ्या काळात चांगले साहेबही पाहिले आणि माणसे मोडणारे साहेबही पाहिले. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, साहेबाच्या मूल्यमापनात त्याच्या माणसांचे मत धरल्याशिवाय कार्यालयातील वागणूक सुधारणार नाही, मग प्रशिक्षणावर कितीही खर्च होवो.

बाहेरच्या वाचकांना कल्पना यावी म्हणून आढावा बैठकीविषयी थोडे सांगतो. शाखेचे दार ग्राहकांसाठी बंद झाल्यावर रोख जुळवायची, दिवसाचे व्यवहार तपासायचे, कर्जाची प्रकरणे हातावेगळी करायची आणि मग सात-साडेसातला वरिष्ठ कार्यालयाची ऑनलाइन बैठक सुरू होते. पडद्यावर साठ-सत्तर शाखांचा तक्ता असतो. मागे पडलेल्या शाखा तांबड्या रंगात असतात. तळाच्या शाखेच्या व्यवस्थापकाला सर्वांसमोर नावाने पुकारले जाते आणि ‘तुम्हाला पगार कशाचा मिळतो?’ असा प्रश्न विचारला जातो. वयाची पन्नाशी गाठलेला, मुले लग्नाला आलेली अशा माणसाला हे ऐकावे लागते आणि बाकीचे एकोणसत्तर जण आपला माइक बंद करून खाली पाहत बसतात. विमा विक्रीचा खास दिवस असला, तर दर दोन तासांनी व्हॉट्सअॅपवर शाखानिहाय आकडे टाकायचे, शून्य असेल तर ‘शून्य का’ याचे कारण लिहायचे. हा व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या मुलीशी कोणत्या आवाजात बोलेल, हे कोणीही सांगू शकेल. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेतील अशाच बैठकीची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली, तेव्हा लोकांना धक्का बसला आणि बँकेने त्या अधिकाऱ्याला निलंबित केले. बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र त्या चित्रफितीत नवीन काही दिसले नाही. तो अधिकारी एकटा तसा असता तर निलंबनाने प्रश्न सुटला असता.

पुण्यात एका आंतरराष्ट्रीय लेखा-सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबर २०२४ मध्ये देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाबद्दलचे त्या माउलीचे आरोप चौकशीचा विषय ठरले आणि त्यावर इथे भाष्य करणे मला उचित वाटत नाही. परंतु मुलीच्या अंत्यसंस्काराला कार्यालयातून कोणीही आले नाही, हे त्या पत्रातील वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिच्या कार्यालयात एकही सहृदय माणूस नसेल, यावर माझा विश्वास नाही. जायला हवे असे मनात येऊनही, रजा मागायची कोणाकडे आणि हातातले काम टाकायचे कोणावर, या विचाराने माणसे जागीच थांबतात, असे मी माझ्या नोकरीत पाहिले आहे.

कोणी म्हणेल की, ही झाली भावनेची बाजू. संस्था चालवायची तर धाक लागतोच. म्हणून व्यवहाराच्या बाजूने दोन दाखले देतो. जनधन योजना ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर शून्य शिल्लक असलेल्या खात्यांची संख्या कमी करण्यासाठी वरून विचारणा होऊ लागली. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका इंग्रजी दैनिकाने उघडकीस आणले की, अनेक शाखांतील कर्मचाऱ्यांनीच ग्राहकांच्या खात्यांत एकेक रुपया भरून ती खाती ‘शून्य’ या वर्गातून बाहेर काढली होती. कोणी आपल्या भत्त्यातून, तर कोणी शाखेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून. आकडा सुधारला, गरिबाच्या खात्यात मात्र तो एक रुपयाच राहिला. योगायोगाने त्याच महिन्यात अमेरिकेत वेल्स फार्गो या बँकेला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला. एका ग्राहकाला आठ योजना विकण्याचा आग्रह तिथे धरला जात होता आणि त्या दडपणाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती. काही वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना कामावरून काढल्यावरही वरचे लोक दोष खालच्यांचाच असल्याचे सांगत राहिले. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये बँकेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. धाकाने काम होते असे म्हणणाऱ्यांनी या दोन्ही प्रकरणांत नेमके कोणते काम झाले, हे पाहावे.

यामागचे कारण अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासातून चांगले उमगते. रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करत होत्या. ज्या विभागांचे नेतृत्व चांगले, सहकार्य चांगले, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे चुकांची नोंद अधिक आढळली. खोलात गेल्यावर दिसले की, त्या विभागांतील परिचारिका चूक झाल्यावर ती मोकळेपणाने सांगत होत्या आणि कडक परिचारिकाप्रमुखांच्या विभागांत ती दडवली जात होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष प्रत्येक बँकेच्या लेखापरीक्षण विभागाने भिंतीवर लावावा असा आहे. ज्या शाखेतून कधीच काही तक्रार येत नाही, कधीच चूक कळवली जात नाही, त्या शाखेकडे वरिष्ठांनी अधिक काळजीने पाहायला हवे.

हे मी स्वतः जवळून पाहिले आहे. नोटाबंदीच्या दिवसांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. ८ तारखेच्या रात्री घोषणा झाली, ९ ला बँका बंद होत्या आणि १० तारखेला सकाळी सहापासून शाखेपुढे रांग लागली. शनिवार-रविवारही सुट्टी नव्हती. अशाच एका रात्री आमच्या एका कॅशियरच्या रोखीत साडेसात हजारांची तूट निघाली. बँकेच्या रिवाजाप्रमाणे तूट कॅशियरने स्वतः भरायची असते आणि त्या महिन्यात कितीतरी कॅशियरांनी ती निमूटपणे भरली. तो मुलगा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झाले होते. आमच्या व्यवस्थापकांनी शटर अर्धे खाली घ्यायला सांगितले, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसून पाचशेच्या गड्ड्या सोडून पुन्हा मोजायला घेतल्या. मोजता मोजता त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, ‘घरी फोन केलास का, उशीर होईल म्हणून?’ तूट त्या रात्री सापडली नाही, पुढेही सापडली नाही. व्यवस्थापकांनी आपल्या पाकिटातून दोन हजार रुपये काढून टेबलावर ठेवले, आम्ही बाकीच्यांनी भर घातली आणि रोख जुळवून शाखा बंद केली. दुसऱ्या दिवसापासून नोटा बदलून देण्याच्या काउंटरवर त्यांनी एकाऐवजी दोघांना बसवले, एक मोजणारा आणि एक पडताळणारा. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या काउंटरवरच्या बाईंनी भर दुपारी, रांग उभी असताना, केबिनमध्ये येऊन सांगितले की, आपल्या हातून एका ग्राहकाला चार हजार जास्त गेले आहेत असे वाटते. ग्राहक ओळखीचा दुकानदार होता. संध्याकाळच्या आत पैसे परत आले. ओरडणाऱ्या साहेबाच्या शाखेत त्या बाई संध्याकाळपर्यंत गप्प बसल्या असत्या, कारण दुपारी सांगून शिव्या खाण्यापेक्षा रात्री पदरचे भरलेले बरे, असा हिशेब तिथे शिकवला जातो.

हेच व्यवस्थापक कामात अतिशय कडक होते, हेही नोंदवले पाहिजे. थकीत कर्जदाराच्या दारी स्वतः जात, कागदपत्रांत एक सही राहिली तरी प्रकरण परत पाठवत आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तास तास गायब होणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला त्यांनी लेखी समज दिली होती. माणुसकीने वागणारा साहेब म्हणजे ढिला साहेब, हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. कामचुकाराला काही न बोलणारा साहेब वरवर भला दिसतो, पण त्या माणसाचे काम अखेर कोणाच्या तरी टेबलावर जातेच आणि शाखेत जो कामसू असतो, नाही म्हणता न येणारा असतो, त्याच्याच टेबलावर जाते. माझ्या पाहण्यात अशा भल्या साहेबांच्या शाखांतही चांगली माणसे आजारी पडली आहेत.

रजेच्या प्रश्नावर एक गोष्ट मुद्दाम मांडतो. मुलीची दहावीची परीक्षा, वडिलांचे ऑपरेशन, गावची जत्रा, कारण काहीही असो, ‘तुम्ही गेलात तर शाखा कशी चालणार?’ हे उत्तर ठरलेले असते. वास्तविक रिझर्व्ह बँकेचा ९ जुलै २०२१ चा आदेश आहे की, संवेदनशील पदांवर काम करणाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीने रजेवर पाठवावे आणि त्या काळात अंतर्गत ई-मेल वगळता त्यांचा कामाशी संबंध येऊ देऊ नये. हेतू अर्थातच गैरव्यवहार उघड व्हावेत हा आहे. पण सर्वांत नाजूक खुर्चीवरचा माणूस न सांगता दहा दिवस बाजूला काढला तरी बँक चालू शकते, हे यातून आपोआप सिद्ध होते. मग महिनाभर आधी अर्ज देणाऱ्याला तीन दिवस सोडता येत नाही, हे कारण टिकणारे नाही. तिथे अडचण नियोजनाची असते आणि नियोजन हे साहेबाचे काम आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, सार्वजनिक बँकांनी, आणि त्यांच्या मागोमाग आपल्या राज्यातील सहकारी बँकांनीही, शाखा व्यवस्थापकापासून वरच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या वार्षिक अहवालात त्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांचे मत नाव न देता घ्यावे आणि त्याला किमान पाचव्या हिश्श्याचे गुण ठेवावेत. पाच-सहा माणसांच्या शाखेत नाव लपत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी व्यवस्थापकाच्या गेल्या तीन शाखांतील मते एकत्र करून वरच्या कार्यालयातच त्यांची गोळाबेरीज करावी. कोणत्या साहेबाच्या हाताखालून बदलीचे अर्ज सतत येतात, किती रजा नाकारल्या गेल्या, किती जणांनी मुदतीपूर्वी राजीनामे दिले, ही माहिती मनुष्यबळ विभागाच्या संगणकात आजही आहे. ती फक्त बढतीच्या मुलाखतीच्या वेळी समोर ठेवायची आहे. आढावा बैठक कार्यालयीन वेळेत व्हावी, तिचे ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि मागे पडलेल्या शाखेशी स्वतंत्रपणे बोलावे. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. दरवर्षी मार्चअखेरचे आकडे जुळले की एप्रिल-मे महिन्यांत बढत्या आणि बदल्या होतात. कर्मचारी संघटनांनी हा विषय येत्या मार्चपूर्वी व्यवस्थापनापुढे लेखी मांडावा, अशी आपल्या पत्राद्वारे त्यांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा