जुने व्हॉल्व्ह घेण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोलापुरात जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या ध्वनिवर्धकांची, हौस पुन्हा डोके वर काढू लागली आहे. माळ्यावरचे रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेली पेटी) खाली उतरत आहेत आणि एरवी भंगारात किलोवर जाणारे व्हॉल्व्ह नगावर विकले जात आहेत. काचेवर मलार्ड किंवा फिलिप्स असे कंपनीचे नाव दिसले की भाव चढलाच. हौसेला मोल नसते हे मान्य, पण यातला बराच पैसा नको तिथे जातो, म्हणून हे पत्र.

आवाज फाटला की दोष व्हॉल्व्हवर ढकलण्याची रीत आहे. खरा चोर बहुतेक वेळा शेजारी बसलेला कागदी कपलिंग कंडेन्सर असतो. एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे आवाज जाऊ देणे आणि डीसी अडवणे हे त्याचे काम. तो गळू लागला की आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा (करंट गोळा करणाऱ्या पत्र्याचा) डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (करंट आवरणाऱ्या जाळीवर) उतरतो, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आणि त्याची प्लेट अंधारात लालसर दिसू लागते. अशा सेटमध्ये महागडा ईएल ८४, म्हणजे स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह, घातला तरी त्याची तीच गत. तपासणी सोपी आहे. सेट बंद करून ईएल ८४ काढा, सेट पुन्हा चालू करा आणि त्याच्या सॉकेटची २ नंबरची पिन (ग्रिडची) ते चेसिस (सेटचा धातूचा सांगाडा) असा डीसी मोजा. तिथे शून्य हवे. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी कंडेन्सर बदला. मूळ क्षमतेचाच (मायक्रोफॅरड तेवढेच), ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन. व्हॉल्व्ह काढल्यावर एचटी, म्हणजे सेटमधला उच्च डीसी दाब, आणखी चढतो, तेव्हा ही तपासणी मिनिटभरात उरका. सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये) ३०० व्होल्ट दबा धरून असतात. ५ वॉटचा १० किलोओहम रेझिस्टर काही सेकंद लावून तो रिकामा करा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करा आणि मगच हात घाला.

दुसरी गोष्ट घरातल्या विजेची. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्ट, अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे २४४ व्होल्टपर्यंत तो नियमातच बसतो. जुन्या सेटच्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे पुरवठ्याचा दाब निवडायची जोडणी, २२० वर असेल तर तेवढ्या दाबाला व्हॉल्व्ह तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला जवळपास ७ व्होल्ट मिळतात. ६.९ च्या वर गेले की कॅथोडचे (तापून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचे) आयुष्य झपाट्याने घटते. रात्री लोड कमी झाल्यावर हीटरचा एसी मोजा आणि टॅप २४० किंवा २५० वर घ्या. यात खर्च काहीच नाही.

एवढे झाल्यावर खरेदी. आधी नंबर पूर्ण वाचा, नुसते '८४' ऐकून घेऊ नका. पहिले अक्षर हीटरचे असते. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची माळ (सगळे हीटर एकामागे एक जोडलेले), यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची माळ. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओतला यूएल ८४ हा ४५ व्होल्ट हीटरचा, तो ईएल ८४ च्या जागी चालत नाही. पीसीएल ८२ आणि ईसीएल ८२ चेही तेच. रशियन ६पी१४पी मात्र ईएल ८४ च्या जागी सरळ बसतो. फसवतो तो ६एन२पी. ईसीसी ८३, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात आवाज वाढवणारा छोटा व्हॉल्व्ह, म्हणून तो सर्रास गळ्यात मारतात. गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) तेवढाच, पण त्याचा हीटर फक्त ४ आणि ५ पिनांवर. ईसीसी ८३ च्या ६.३ व्होल्टच्या वायरिंगमध्ये या दोन पिना एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे तो पेटतच नाही आणि गिऱ्हाईक सेटला शिव्या देत बसते.

आता काच. डोक्यावरचा चंदेरी डाग, म्हणजे गेटर, पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. तो व्हॉल्व्ह फुकटही नको. चालू असताना काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते, पण प्लेटच्या आत जांभळट धूर भरल्यासारखा दिसला तर तो गॅस. कंपनीचे नाव पुसट झाले म्हणून नाक मुरडू नका. ती शाई अंगठ्यानेही निघते, उलट जुन्या काचेवर करकरीत नाव दिसले तरच शंका घ्या. खरी ओळख काचेच्या खालच्या कडेला कोरलेल्या बारीक अक्षरांत असते. 'बी५डी३' म्हणजे मलार्डचा ब्लॅकबर्न कारखाना, एप्रिलचा तिसरा आठवडा. साल पाचने संपणारे, १९६५ की १९७५ हे रचनेवरून ठरवावे लागते. एकाच कारखान्याचा माल त्या काळी वेगवेगळ्या नावांनी विकला जाई, मग नावापुरते जास्त पैसे का मोजायचे? बेंगळुरूच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) ईएल ८४ मोजमापात उतरला तर तो बिनदिक्कत घ्यावा.

मोजमाप असे. एकच ईएल ८४, प्लेटवर २५० व्होल्ट आणि कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टर असेल तर ३ नंबरच्या पिनवर (कॅथोडवर) सुमारे ७.२ व्होल्ट मिळायला हवेत. पाचच्या खाली असेल तर व्हॉल्व्ह थकलेला. सुरुवातीला ठीक असून पंधरा मिनिटांत आकडा चढत गेला, आणि व्हॉल्व्ह काढल्यावर २ नंबरवर शून्यच होते, तर आत गॅस आहे. पुश-पुलसाठी, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने चालतात तिथे, दोन्ही व्हॉल्व्हच्या करंटमध्ये ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये डीसी साचतो, हम (स्पीकरमधली घूं-घूं) वाढतो आणि खर्ज ढिला पडतो. ईसीसी ८३ चालू ठेवून पेन्सिलीने हळूच टिचकी मारा. स्पीकरमध्ये घंटेसारखा नाद आला तर तो रेकॉर्ड प्लेअरच्या पहिल्या टप्प्याला नको, पुढच्या टप्प्यात खपून जाईल.

रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या, बाबतीत एकच पथ्य. ईझेड ८१ च्या पुढचा पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा घालू नका. हम घालवायला २२० घातला की सेट सुरू करतानाच्या झटक्यात रेक्टिफायर जातो.

गड्ड्याच्या यात्रेत आणि गणपतीत राबलेल्या जुन्या लाउडस्पीकर अ‍ॅम्प्लिफायरमधले आउटपुट व्हॉल्व्ह शक्यतो टाळा, ते तासन् तास पूर्ण जोरावर चाललेले असतात. त्यातले छोटे ईसीसी ८३ मात्र बघण्यासारखे. आपल्या उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटात ठेवू नका. यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांनी चेसिसच्या जाळीवर बसलेला कापसाचा तूस दर महिन्याला सेट बंद करून ब्रशने काढावा.

हे सगळे मल्टिमीटरवर भागते, पण विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या ते होत नाही. त्यासाठी व्हॉल्व्ह टेस्टर लागतो. शहरातल्या एखाद्या तंत्रनिकेतनाच्या किंवा आयटीआयच्या अडगळीत असा टेस्टर पडून असेल, तर तो दुरुस्त करून महिन्यातून एक दिवस नाममात्र शुल्कात नागरिकांसाठी खुला करावा, अशी संबंधितांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक रेडिओ दुरुस्तकार, सोलापूर