सूचना : फ्रेंच अंकांचे खेळ

सर्व फ्रेंच शिक्षक सदस्यांना नमस्कार. तासाची सुरुवातीची दहा मिनिटं अंकांच्या खेळासाठी राखून ठेवावीत, ही आग्रहाची विनंती.

मुलांना गोल उभं करा. चेंडू ज्याच्या हाती येईल त्याने पुढचा अंक मोठ्याने म्हणायचा: अं, दो, त्र्वा... अडखळला तर शेजाऱ्याने सुचवावं. बाद कुणालाही करू नका. बाद होणाऱ्यालाच सरावाची गरज जास्त असते! बोटांवर मोजताना सुरुवात अंगठ्यापासून, फ्रान्समध्ये तशीच करतात.

फ्रेंचमध्ये ८० म्हणजे ‘चार-वीस’ (चार वेळा वीस), तेव्हा मोठ्या गटात फरशीवर वीस-वीसच्या चार उड्या मारायला लावा.

अक्षरी अंक फळ्यावर लगेच लिहू नका. शेवटची मूक अक्षरं वाचून मुलांचे उच्चार बिघडतात.