कर्करोग केंद्रांत यंत्रांआधी पदे भरा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे (जिथे केमोथेरपीचे, म्हणजे केमोचे, औषध शिरेतून घेऊन त्याच दिवशी घरी जाता येते) उभारण्याची आणि त्यांपैकी २०० त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. तेव्हापासून कोणते केंद्र कुठे होणार, त्यासाठी जागा कोणती, निधी किती, याची चर्चा आपल्याकडे सुरू आहे. त्या केंद्रात रुग्णाच्या हाताला सुई लावणार कोण, याची चर्चा मात्र फारशी कानावर येत नाही. मी बार्शीची रहिवासी आहे आणि या प्रश्नाचे उत्तर आमच्या भागाने जवळपास चार दशकांपूर्वीच शोधायला घेतले होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ग्रामीण भागात कर्करोग किती, हे १९८७ पर्यंत देशात कोणालाच नीट ठाऊक नव्हते, कारण जी काही आकडेवारी होती ती मोठ्या शहरांतली. त्या वर्षी बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात सुरू झाली. शहरात रुग्णालयांचे कागद चाळून नोंदणी करता येते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता, तर कागद कुठून असणार? तेव्हा नोंदणीचे कर्मचारी गावोगाव गेले, लोकांना जमवून अंगावरून पांढरे जाणे, मध्येच रक्तस्राव होणे, तोंडातला बरा न होणारा व्रण, स्तनातली गाठ ही लक्षणे समजावून सांगू लागले आणि शंका आली की त्या माणसाला तपासणीला यायला राजी करू लागले. काम होते मोजणीचे. पण काही वर्षांतच असे दिसले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या आहेत. हे निरीक्षण १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यामागे नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणारी आणि पुन्हा पुन्हा त्याच गावात जाणारी पगारी माणसे होती.

पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात याच रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जो अभ्यास केला, त्याचा उल्लेख जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत होतो. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि आठ वर्षांचा पाठपुरावा एवढा त्याचा पसारा होता. या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. (तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल नंतर नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले आणि माझ्या मते ते रास्त होते, पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.) चाचणी प्रयोगशाळेत होते हे खरे, तरी आतून तपासून घ्यायला शेतमजूर बाईला तयार करणे, दोष आढळला तर तिला पुन्हा बोलावणे, घरच्यांची समजूत घालणे, हे सारे गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्तींनी केले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कौतुक चाचणीच्या वाट्याला आले, कार्यकर्तीच्या नाही.

आता उपचारांकडे येते. माझ्या धाकट्या जावेच्या आजारपणात एका ग्रामीण रुग्णालयाच्या केमोच्या खोलीत मला बरेच बसावे लागले, त्यामुळे तिथले काम जवळून पाहता आले. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे एक औषध लालभडक असते आणि ते शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूची कातडी जळते, व्रण महिनोन्महिने भरत नाही. आयुष्यभर खुरपे धरलेल्या हातावर, त्यातही दोन-तीन केमो झाल्यावर, शीर सापडणे सोपे नसते. तिथल्या सिस्टर आधी गरम पाण्यात भिजवलेला कपडा हाताला गुंडाळत, मग मनगटाच्या वरची शीर बोटाने चाचपून पाहत आणि सुई बसल्यावर रक्त मागे येते का याची खात्री केल्याशिवाय औषधाला हात लावत नसत. लाल औषध तर त्या स्वतः शेजारी बसून हळूहळू सोडत. त्यांनी प्रत्येकीच्या केसपेपरवर आपला मोबाइल क्रमांक लिहून दिला होता. केमोनंतर आठ-दहा दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तेव्हा आलेला ताप जिवावर बेतू शकतो. गावात मात्र अशा तापाला गोळी देऊन घरी पाठवण्याची रीत आहे. ‘ताप आला तर आधी मला फोन, मग बाकीचे,’ असे त्या जाणाऱ्या प्रत्येकीला बजावत. या सिस्टर कंत्राटी होत्या. दुसरीकडे कायम नोकरी मिळाल्यावर त्या गेल्या आणि त्यांच्या जागी ज्यांची नेमणूक झाली त्यांना केमोचे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. दोष त्यांचा नाही, तशी नेमणूक करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

किरणोपचारांची, म्हणजे आमच्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याची, गोष्ट आणखी वेगळी आहे. त्या यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि किरणसुरक्षेची जबाबदारी घेणारा पात्र अधिकारी, जे काम बहुधा किरणांची मात्रा मोजणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञच पाहतो, नसेल तर यंत्र चालवता येत नाही. म्हणजे कोट्यवधींचे यंत्र एका माणसाअभावी कुलपात राहू शकते. तरीही या पदाचे नाव सर्वसामान्य वाचकाने क्वचितच ऐकलेले असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून आणि आतून द्यायचे शेक मिळून सारे उपचार साधारण आठ आठवड्यांच्या आत संपावे लागतात. खंड पडून काळ लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे शेकाचा आणि केमोचा खर्च भागतो आणि तो मोठाच आधार आहे. बुडालेली मजुरी मात्र कोणी भरून देत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्तस्राव थांबला, बरे वाटू लागले, की बाई घरी निघून जाते. अशा वेळी तिचे नाव हजेरीत नाही हे त्याच दिवशी ध्यानात घेऊन फोन करणारा, फोन लागला नाही तर गावच्या आशाताईंना गाठणारा, प्रसंगी या योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, सोबत घेऊन घरच्यांशी बोलणारा समाजसेवक रुग्णालयात असणे हा माझ्या मते उपचाराचाच भाग आहे.

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांच्याविषयीही लिहायला हवे. मॉर्फिन हे वेदनांवरचे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवण्याची वाट सुकर झाली. मात्र त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर आणि चोख नोंदवही लागते. म्हणजे इथेही गाडी माणसापाशीच अडते.

डे-केअर केंद्रांची कल्पना मला मनापासून पसंत आहे. महिन्याच्या केमोसाठी बार्शीहून सुमारे चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाणे आणि टाटा रुग्णालयाजवळ परळच्या पदपथावर पथारी टाकणे ज्यांच्या नशिबी आले, त्यांना जिल्ह्याच्या गावी खाट मिळाली तर किती फरक पडेल हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच आरोग्य विभागाला विनंती आहे की, केंद्राचे उद्घाटन करण्याआधी तिथली पदे जाहीर करावीत आणि ती कंत्राटी ठेवू नयेत. प्रत्येक केंद्रासाठी किमान दोन परिचारिकांना केमोचे रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि त्यांची बदली पर्यायी प्रशिक्षित परिचारिका रुजू झाल्याशिवाय करू नये. पाठपुराव्यासाठी समाजसेवकाचे पद मंजूर करावे. राज्याच्या तिजोरीतून ते जमत नसेल, तर जिल्हा नियोजन समितीने त्याची तरतूद करता येते का ते पाहावे.

आणखी एक सूचना आमच्या भागापुरती. दसरा झाला की सोलापूर, धाराशिव आणि बीडच्या खेड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. स्त्रियांच्या तपासणीची शिबिरे मार्चअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत भरवली, तर ज्यांना तपासणीची सर्वांत जास्त गरज आहे त्या बायका गावात नसतातच. ही शिबिरे जून ते ऑगस्ट या काळात घ्यावीत, म्हणजे दोष आढळलेल्या स्त्रीचे पुढचे उपचार कोयता उचलण्याआधी पूर्ण करायला वेळ मिळेल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर