माईचा गुडघा

इंदूर, गुरुवार रात्र

प्रिय वैशे,

दोन वर्षांत ना फोन ना पत्र, आणि आता हे जाडजूड पाकीट. तू आधी शेवटचं पान उघडणार हे मला माहीत आहे, म्हणून इथेच सांगते: कुणी गेलेलं नाही. खानावळीतली आपली माई जाता जाता राहिली. पण जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाहीये. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "वाचली ना? मग झालं." झालं कसं?

माझी शुगर आहे तशी आहे, पाठ दुखते तशी दुखते. पुढे.

गेल्या शुक्रवारी रात्री साडेअकराला बंडूचा फोन आला. "ताई, आईला सकाळपासून उलट्या होतायत, पोट फुगलंय." तशीच रामबागेत गेले. माई खाटेवर उजवा पाय पोटाशी घेऊन पडलेली. दादा गेल्यापासून ती चिमणीएवढं खाते. एकोणऐंशी वर्षांची बाई, वजन छत्तीस किलो. कळ आली की चादर मुठीत धरायची, कळ गेली की मला म्हणायची, "तू जेवलीस का?" पोटावर जुना व्रण नाही. दोन्ही जांघा तपासल्या, कुठे गाठ नाही. नीट तपासावं म्हणून तिचा उजवा पाय सरळ करायला घेतला आणि ती किंचाळली. "पोटात नाही गं, मांडीत! गुडघ्यापर्यंत वीज जाते."

वैशे, माझा हात तिथेच थांबला. मला बडवाहची आजी दिसली.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला लिहायचंय. 2001 ची अनंत चतुर्दशी. गिरण्यांच्या झाँक्या, ते चित्ररथ, निघालेल्या, ढोल वॉर्डापर्यंत ऐकू येत होते, आणि रस्ते बंद म्हणून वरचं कुणी येऊ शकत नव्हतं. तू आणि मी, आणि चाळीस खाटा. आजीला उलट्या, फुगलेलं पोट, जुनं ऑपरेशन नाही, हर्निया दिसत नाही. मी नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकली, सलाइन लावलं आणि म्हटलं, सकाळी बघू. तू म्हणालीस, "मेधा, ती पाय सरळ करू देत नाही. मांडी दुखते म्हणते." मी काय म्हणाले ते तुझ्याही कानात असेल. "वय झालंय, गुडघे सगळ्यांचेच दुखतात." आणि मग आपण दोघी एका कागदातला भुट्ट्याचा कीस खात जिन्यात बसलो.

तिसऱ्या दिवशी पोट उघडलं. ओटीपोटात, कमरेच्या हाडातल्या ऑब्च्युरेटरच्या त्या बोटभर भोकात आतड्याची फक्त एक कड अडकली होती, पूर्ण वेटोळंही नाही. तेवढी कड काळी पडून फुटली होती. चौथ्या दिवशी आजी गेली.

पण मला रात्र रात्र छळतं ते हे नाही. मीटिंगमध्ये केस मी मांडली. केसपेपरवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, उजव्या मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत वेदना. मी ते वाचलंच नाही. सरांनी विचारलं, "कुणाच्या काही लक्षात आलं होतं?" मी गप्प. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तूही गप्प बसलीस. नंतर महिनाभर बोलली नाहीस, माईच्या खानावळीत ताट घेऊन दुसऱ्या पंगतीला बसायचीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की प्लीहेच्या ऑपरेशनला मला असिस्ट मिळालं म्हणून तू रुसलीस. ते खोटं होतं. मला तेव्हाही ठाऊक होतं. चोवीस वर्षं उशिरा लिहितेय, पण लिहितेय.

आर्नो द रोन्सिलने ऑब्च्युरेटरचा हा हर्निया 1724 मध्ये नोंदवला. हाउशिपने मांडीतल्या त्या दुखण्याबद्दल 1840 मध्ये लिहिलं, रोमबर्गने 1848 मध्ये. हेन्री ओब्रेने 1851 मध्ये ऑपरेशन करून पेशंट वाचवून दाखवला. आणि दीडशे वर्षांनी मी, हातात केसपेपर असताना, म्हणते वय झालंय.

तर शुक्रवारी मी सकाळची वाट पाहिली नाही. सीटी केला. पेक्टिनियस आणि ऑब्च्युरेटर एक्स्टर्नस या दोन स्नायूंच्या मध्ये आतड्याचा तो गोल ठिपका, जिथे आतडं असायचं कारणच नाही. बंडू घामाघूम. त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं: कमरेच्या हाडाला दोन मोठी छिद्रं असतात, त्यांच्यावर पडदा असतो, आणि वरच्या कोपऱ्यात नस आणि रक्तवाहिन्या मांडीत उतरायला एक अरुंद वाट. त्या वाटेत चरबीची उशी असते. माणूस वाळत गेला की उशी जाते आणि आतडं तिथे शिरतं. बायकांचं ओटीपोट रुंद, त्यात चार बाळंतपणं, म्हणून हे बहुतेक वाळलेल्या म्हाताऱ्या बायकांनाच होतं. नस तिथेच दाबली जाते, म्हणून दुखतं गुडघ्यात. बंडू म्हणाला, "म्हणजे गुडघ्याला काहीच झालेलं नाही?" नाही रे बाबा. गुडघा बिचारा फक्त ओरडत होता.

पहाटे दोनला भूल दिली. खालून मधोमध पोट उघडलं. आतडं उजव्या भोकात घट्ट बसलेलं. ओढायचं नाही हे तूच मला शिकवलंस, तुझ्या त्या दरडावणीच्या सुरात, "ओढशील तर फाडशील." बाहेरून मांडीच्या आतल्या बाजूला मुठीने हलका दाब दिला, आतून दोन बोटांनी हळूहळू सोडवत राहिले. तरी येईना. शेवटी पडद्याची कड जराशी कापली, नस आणि रक्तवाहिन्या सांभाळून, आणि ते सुटलं. जांभळं-काळं. गरम सलाइनच्या पट्ट्यांत गुंडाळलं, ऑक्सिजन वाढवायला सांगितला आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिले. दहा मिनिटं. आजूबाजूचं आतडं गुलाबी झालं, हललं. अडकलेला तुकडा मात्र शिळ्या वांग्यासारखाच राहिला. वीतभर आतडं काढून जोड दिला. पोट मळलेलं होतं म्हणून जाळी टाकली नाही, भोक न विरघळणाऱ्या टाक्यांनी बंद केलं. डावी बाजूही बोट घालून पाहिली. तिथे काही नव्हतं.

टाके घालताना मला भीती नव्हती. भीती नंतर आली, हात धुताना.

कारण श्रावणात मी माईकडे जेवायला गेले होते. श्रावणातला शुक्रवार, पुरणपोळी. ती म्हणाली, "मेधा, माझा हा उजवा गुडघा बघ गं. चाललं की आतून मांडीपासून कळ येते. बसून पाय दुमडला की बरं वाटतं. आणि कळ आली की कधी कधी मळमळतंही." हे सगळं, वैशे, हे सगळं तिनं मला याच क्रमानं सांगितलं. माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, "वय झालंय माई," आणि गोळी लिहून दिली, वर चोळायला तेल सांगितलं. तेच वाक्य. तीच मी. आतडं त्या भोकात आत-बाहेर करत होतं आणि मी पोळीवर आणखी तूप मागत होते.

आणि बंडू आता माझ्या पाया पडतो. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. सांग, मी काय करू? त्याला सांगायचं? माईला सांगायचं? आणखी एक गोष्ट झोपू देत नाही. माई माझ्या घरची, म्हणून रात्री फोन आला. मांडी दुखते म्हणणाऱ्या बाकीच्या किती जणींना मी गोळी देऊन पाठवलं असेल? त्या कुठे गेल्या?

असं नाही की मी काहीच ओळखलं नाही. तुझी ती शिस्त, पोटाचा पेशंट केसांपासून नखांपर्यंत बघायचा, हिनं मला अनेकदा तारलं. चार-पाच पावसाळ्यांपूर्वी खरगोनकडचं बारा वर्षांचं पोर आलं. जमिनीवर झोपलेलं, पहाटे पोटदुखीनं उठलं, उलट्या. बाप म्हणे रात्री भजी खाल्ली. पोर कळवळत होतं, पण पोट हाताला लोण्यासारखं मऊ. टेबल तयार ठेवलं होतं. मी त्याचे डोळे पाहिले तर पापण्या खाली येत होत्या. मण्यार! चावल्याचं ना त्याला कळलं, ना अंगावर धड खूण. प्रतिविष दिलं, दुपारी श्वास थकला तेव्हा व्हेंटिलेटरवर घातलं. नवव्या दिवशी पोर चालत घरी गेलं. त्याचं पोट उघडलं असतं तर टेबलावरच गेलं असतं. त्या रात्री तुला फोन लावणार होते. का नाही लावला, देव जाणे.

आणि ती पंधरा वर्षांची मुलगी, जिला सगळे परीक्षेचं टेन्शन म्हणत होते. दर दोन महिन्यांनी पोटात पीळ, मग आपोआप बरं. एक दिवस बरं झालंच नाही. उघडलं तर सगळं छोटं आतडं एका पांढऱ्या, चामड्यासारख्या पिशवीत बांधलेलं, रेशमाच्या किड्याच्या कोषासारखं. तीन तास बसून ती पिशवी सोलली, आतड्याला एकही भोक पडू न देता. तपासणीत क्षय निघाला. आता ती बी.कॉम. करतेय. या मुलीचं ऐकलं मी, वैशे. त्या पोराचे डोळे पाहिले. मग माईचंच का नाही ऐकलं? ओळखीच्या माणसाचं दुखणं आपण ऐकत नाही का गं? की म्हातारीचं ऐकत नाही?

तुझं काय? लेकीचं कोल्हापुरातच ठरलं का? सासूबाईंचा डोळा? नवीन ऑपरेशन थिएटरचं काम झालं असेल. फोटो पाठव. आणि माझी निळी स्टेथो 2003 पासून तुझ्याकडे आहे, ती मी विसरलेले नाही.

शुक्रवार सकाळ

काल पाकीट बंद केलं नाही, ते बरं झालं. आज राउंडला बंडू बाहेर चहाला गेला होता. माईला परवाच वारा सरला, काल पेज घेतली, आज उशीला टेकून बसली होती. मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. श्रावण, गुडघा, मी लक्ष दिलं नाही ते. बडवाहच्या आजीचंही सांगितलं. माझा आवाज बसला होता. तिनं सगळं ऐकलं, डोळे माझ्यावर रोखून, मधे एकदाही न बोलता.

मग म्हणाली, "म्हणजे तीन महिने ते तेल मी उगाच चोळलं?"

मी हो म्हटलं.

"बाटली अर्धी आहे. बंडूच्या पाठीला होईल." मग बराच वेळ गप्प. माझा हात तिनं हातात घेतला होता, सोडला नाही. म्हणाली, "त्या बाईला कोण कोण होतं गं?" मला माहीत नव्हतं. मुलगा होता, एवढंच आठवलं. तुला आठवतं का? केसपेपर तू लिहिला होतास. आठवलं तर लिही, माईला सांगायचंय.

बंडूला आज संध्याकाळी सांगणार आहे, पोस्टातून परत आल्यावर. माई म्हणाली मीच सांगते, पण मी नको म्हटलं.

तुझी आठवण काढली तिनं. 2003 चा डिसेंबर तू पैसे न देता गेलीस म्हणे, वही अजून आहे. दर हिवाळ्यात गराडूचे कंद निघाले की ती वैशीला आवडतात म्हणते, आणि ते आत्ता निघालेत. टाके सोमवारी काढतेय. त्यानंतर कधीही ये, गाडी कळव, स्टेशनवर मी येईन.

तुझी,
मेधा