त्यांनी काहीच केलं नाही

प्रिय सुऱ्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला सलग सांगायचंय. तब्येत ठीक. साखर थोडी वर आहे, डॉक्टर ओरडतो, मी मान हलवतो. मेधा मजेत. झालं.

आमच्या ईशानचं इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये बिनसलंय. तुला म्हणून लिहितोय, कारण इथल्या मराठी मंडळींपुढे विषय काढला की पहिल्या मिनिटाला डोक्याला मार लागण्याबद्दल व्याख्यान मिळतं आणि दुसऱ्या मिनिटाला ‘टेनिसला घाला’. मार लागलेला नाही. लागला असता तर मला कळलं असतं काय करायचं ते.

गेल्या शुक्रवारी रात्री त्यांच्या शाळेचा सामना होता. ईशान क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पास फेकणारा. समोरची पोरं अंगापिंडाने आमच्याहून लहान. यांनी आधीचे सामने आरामात मारलेले, ईशानचे पास धडाधड लागत होते, गावातला पिझ्झावाला त्याला नावाने हाक मारायला लागला होता. पहिल्याच खेपेला साहेब चेंडू घेऊन मागे सरकले. उजवीकडे बघितलं, मधे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे. चेंडू दोनदा डाव्या तळव्याने थोपटला. ही त्याची खोड मला ठाऊक आहे. गणिताचं उत्तर येत नसलं की पेन्सिल अशीच थोपटतो. पुढच्या क्षणी खाली. आडवा. पुढच्या खेपेला तेच. मग एक पास त्याने जिथे फेकला तिथे आपलं कोणी नव्हतंच, त्यांचा एक पोरगा मात्र निवांत उभा होता. त्याच्या पोटावर बसला चेंडू.

इथवरही चाललं असतं. तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या चारातल्या तिसऱ्या भागात, काय झालं ते ऐक. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. दोन हातांच्या अंतरात चिटपाखरू नव्हतं. आणि त्याने चेंडू घाईघाईने स्वतःच्याच माणसाच्या पायाशी आपटला.

गाडीत बसल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, त्यांनी काहीच केलं नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण हेच वाक्य मी फेब्रुवारीत ऐकलं होतं, त्याच्याच तोंडून. 9 फेब्रुवारी 2025, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगची फायनल, ईगल्स आणि चीफ्स. तुला मी त्या रात्री मेसेज टाकले होते आणि तू दुसऱ्या दिवशी ‘कोण जिंकलं?’ एवढंच विचारलंस. दक्षिण जर्सीत आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा ईगल्सची. आणि हा घरभेदी चीफ्सच्या क्वार्टरबॅकचा, महोम्सचा भक्त. चीफ्स लागोपाठ तिसरं विजेतेपद घ्यायला उतरलेले. मध्यंतराला 24-0, आणि अख्ख्या पहिल्या अर्ध्यात चीफ्सची मजल 23 यार्ड. महोम्स सहा वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकायच्या आत पाडला गेला, तेवढा तो तोवर कधीच झाला नव्हता. शेवट 40-22. त्यातले बरेचसे गुण सामना हातचा गेल्यावरचे, त्यावर जाऊ नकोस.

आता गंमत बघ. क्वार्टरबॅकला सतवायचं तर लोक ब्लिट्झ करतात, म्हणजे नेहमीच्या चौघांऐवजी पाच-सहा जण अंगावर सोडायचे. ईगल्सचा बचाव आखणारा म्हातारा विक फँजिओ. त्याने संपूर्ण सामन्यात महोम्सवर ब्लिट्झ केलाच नाही. एकदाही नाही! जादा माणूस पुढे सोडला की मागे तेवढी जागा मोकळी पडते, आणि ती महोम्सला पापणी लवायच्या आत दिसते. म्हणून चारच सोडले. समोर त्यांना अडवायला पाच धटिंगण, तरी हे चौघे आत घुसले, कारण जेलन कार्टरला रोखायला दोघे लागायचे आणि कडेच्या जॉश स्वेटला मोकळं रान. शिवाय चीफ्सनी अडवणाऱ्यांच्या रांगेत डाव्या टोकाला गार्ड, म्हणजे आतल्या जागेवरचा गडी, आणून उभा केला होता. स्वेटचे एकट्याचे अडीच सॅक.

पण चौघे ही अर्धीच गोष्ट. अकरातून चार गेले, मागे किती राहिले? सात. सुऱ्या, सात! मी सोफ्यावरून ओरडलो तर मेधाला वाटलं टचडाउन झाला, चेंडू पार शेवटच्या पट्ट्यात पोचला.

सात जण मागे, पांगून, आणि कोणी हलत नाही. चेंडू हातात यायच्या आधी ते एक चित्र दाखवतात, आल्यावर दुसरंच होतं. सर्वांत मागचे राखणदार, दोन सेफ्टी, खोलवर उभे, म्हणजे लांबचा पास बंद. मधल्या पट्ट्यात मधल्या फळीचे लाइनबॅकर क्वार्टरबॅकच्या डोळ्यांकडे बघत उभे. महोम्स पहिल्या माणसाकडे बघतो, झाकलेला. दुसरा, झाकलेला. हा सगळा खेळ दोन-अडीच सेकंदांचा. तिसऱ्याकडे वळेपर्यंत स्वेट मानगुटीवर. आणि ते चौघेही आंधळेपणाने धावत नव्हते, त्याला बाजूने निसटू द्यायचं नाही म्हणून आपापली वाट धरून हळूहळू भिंत जवळ आणत होते. दुसऱ्या क्वार्टरला लागोपाठ दोनदा सॅक झाला, तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारातल्या तिसऱ्या प्रयत्नाला, 16 यार्ड हवे. त्याने पळता पळता फेकला, आणि कूपर डीजीन नावाच्या पोराने तो उचलून 38 यार्ड पळत टचडाउन केला. त्या दिवशी त्या पोराचा बाविसावा वाढदिवस. थोड्या वेळाने झॅक बॉनने आणखी एक ढापला.

ईशान तेव्हा टीव्हीकडे हात करून म्हणाला होता, “काहीच करत नाहीयेत ते, नुसते उभे आहेत!” आणि मला आपल्या कबड्डीतला तू दिसलास. डावा कोपरा, बनियन बाहेर, हात गुडघ्यावर, तोंडावर माशी बसली तरी हलणार नाही. चढाईवाला निदान रेषा ओलांडतो, तुझ्याकडे बघतो, तू त्याच्याकडे बघतच नाहीस. आणि पाऊल एक वीत जास्त आत पडलं की घोटा तुझ्या हातात.

आता हुरळून जाऊ नकोस. फँजिओने तुझी बाजू घेतली म्हणून शिवडीच्या फायनलचं मी मान्य केलं असं होत नाही. मी ‘धर’ म्हणून ओरडलो, तू धरला नाहीस, तो बोनस घेऊन परत गेला आणि एका गुणाने आपण घरी. ‘तो आत आलाच नव्हता’ हे तुझं म्हणणं गोट्यालाही पटलेलं नाही. गोट्याला विचार. आणि अण्णांनी त्या रात्री मला का झापलं आणि तुला का नाही, हे कोडं मला पन्नाशीतही सुटलेलं नाही.

असो. हे सगळं मी ईशानला सांगितलं. 2008 ची फायनल काढून दाखवली. पेट्रियट्स तोवर 18-0, म्हणजे एकही सामना न हरलेले, टॉम ब्रेडीने त्या मोसमात 50 टचडाउन पास टाकलेले, आणि जायंट्सनी त्याला पाच वेळा लोळवून सामना 17-14 ने घेतला. जस्टिन टक हा खरा कडेचा गडी, त्याला त्यांनी आत गार्डसमोर आणून उभा केला. कडेने माणूस आला तर ब्रेडी एक पाऊल पुढे सरकून फेकतो. पण माणूस मधूनच आला तर सरकणार कुठे? आणि हे ज्याने आखलं तो स्टीव्ह स्पॅग्नोलो न्यू ऑर्लिन्सला चीफ्सच्या कडेला उभा होता, बचावाचाच प्रमुख म्हणून! दैव म्हणतात ते हेच. मग 2021 ची टॅम्पाची फायनल दाखवली. महोम्सचे दोन्ही टॅकल, म्हणजे टोकाचे अडवणारे, जायबंदी, हा मैदानभर सैरावैरा पळतोय, एक पास तर जमिनीला समांतर पडता पडता फेकलेला, तो जाऊन आपल्याच माणसाच्या तोंडावरच्या जाळीवर आपटला. 31-9 ने हरले, एकही टचडाउन नाही.

मला वाटलं होतं, एवढे मोठे लोक आडवे झालेले बघून पोराला बरं वाटेल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “हो, पण त्यांच्यावर खरंच लोक येत होते.”

इथे माझी बोलती बंद झाली. कारण माझी काळजी नेमकी तीच आहे.

परवा रात्री तो झोपल्यावर त्याच्या सामन्याचा व्हिडिओ मी टॅबवर थांबवून थांबवून बघितला. पहिल्या क्वार्टरला हेल्मेट वर आहे, नजर लांब, रिसीव्हरांवर, म्हणजे पास झेलणाऱ्यांवर. तिसऱ्या क्वार्टरला चेंडू हातात पडला की हेल्मेट खाली येतं. बोटभरच, पण येतं. तो आपल्या माणसांकडे बघत नाहीये, अंगावर येणाऱ्यांकडे बघतोय. आणि येत कोणी नाहीये! डावी टाच जमिनीला टेकत नाही, पाय एका जागी नाचतात, आणि एक रिसीव्हर मधोमध हात वर करून मोकळा उभा आहे. त्याचा कोचही तेच म्हणाला, नजर खाली येते आहे. सरावात येत नाही, सामन्यात येते. मेधा म्हणते, वय आहे, होईल ठीक. तिचं बहुतेक बरोबर असतं, म्हणून मी जास्त वाद घातला नाही.

सॅम डार्नल्ड तुला माहीत नसणार. 2019 च्या ऑक्टोबरात जेट्सचा क्वार्टरबॅक होता, इथल्याच मेटलाइफ स्टेडियममध्ये, पेट्रियट्ससमोर. 33-0 ने हरले, याचे चार पास त्यांनी पळवले, एकूण कमाई 86 यार्ड. त्याच्या अंगावर मायक्रोफोन लावलेला आणि बेंचवर बसून तो म्हणाला, मला भुतं दिसतायत. ते टीव्हीवर गेलं आणि वर्षानुवर्षं लोकांनी त्याची टर उडवली. तू हसशील, कोकणातला आहेस, तुमच्याकडे भुतांना वाडीवार नावं असतात. पण मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. तिथे बचाव कधी सगळे येणार असं दाखवून मागे सरकायचा, कधी खरंच यायचा. काही वेळाने येणारा आणि न येणारा यांतला फरकच त्याला कळेना. पुढे हाच माणूस 2024 ला मिनेसोटाचा क्वार्टरबॅक झाला आणि त्यांनी 14 सामने जिंकले. मी म्हटलं, सुटला बिचारा. तर प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केला. आता सांग, भूत गेलं होतं की बसलं होतं कोपऱ्यात?

म्हणून तुला विचारतोय. तो करी रोडचा पोरगा आठवतो? पिवळी चड्डी, उंच उडी, पहिल्या दोन चढायांत आपले तिघे घेऊन गेलेला. मग तू त्याला धरलास. मारला नाहीस, पाडलाही नाहीस जोरात, नुसता धरून ठेवलास दम सुटेपर्यंत. त्यानंतर त्या मोसमात तो जेव्हा जेव्हा आपल्यासमोर आला, निदान रेषेपलीकडे जेमतेम पाय टाकून परत. तू कोपऱ्यात नसलास, बाहेर बसलेला असलास, तरी परत! आपण हसायचो. तुला ते आवडायचं, नाही म्हणू नकोस. तो रेल्वेत लागला आणि तुला लोकलमध्ये भेटतो असं तू मागे म्हणाला होतास. त्याला गाठ. चहा पाज, वडापाव खिलव, आणि विचार की पुन्हा आत जायला लागला का, आणि लागला असेल तर काय झालं म्हणून लागला. कोणी काही सांगितलं, की आपोआप? आणि तूही सांग. तू समोर उभा राहून बघायचास, असल्या पोराचं काय केलं की तो पुन्हा आत शिरतो, हे तुला दिसलं असणारच. तुला तेच तर होऊ द्यायचं नसायचं.

बाकी तुझं काय? तनूला शेवटी कुठे मिळालं? वहिनींचा गुडघा? बिल्डरने थकलेलं भाडं दिलं की अजून तारखा देतोय? काकूंना नमस्कार, आणि ईशान मोदक खातो हे त्यांना मुद्दाम सांग, त्यांचा विश्वास नाही.

पुढचा सामना शुक्रवारीच आहे. त्याआधी उत्तर आलं तर बरं. फोन केलास तरी चालेल, पण आधी त्या पोराला भेट, मग कर.

तुझा,
बाळ्या

ता. क. व्हिडिओ पाठवतोय. तिसऱ्या क्वार्टरपासून बघ आणि आवाज बंद ठेव, मागे मेधा पंचांना मराठीत बोलते आहे.