मंडलेश्वरच्या अनाम मंडळींचे जाहीर आभार

नर्मदामाई सतत उजव्या हाताला ठेवून चालण्याच्या परिक्रमेत, उत्तर तटावरील, मध्य प्रदेशच्या निमाड भागातल्या मंडलेश्वर येथे ज्यांनी मला सांभाळले, त्यांची नावे विचारायची राहून गेल्याने हे जाहीर आभार. पायांचे फोड पाहून औषधाच्या दुकानातून बाहेर आलेल्या काकांनी मला पायरीवर बसवून स्वतः पाय धुतले, मलमपट्टी केली आणि पैशांचा विषय निघताच ‘नर्मदे हर’ म्हणत हात जोडले. शेजारच्या माईंनी सदाव्रत (परिक्रमा करणाऱ्यांना दिला जाणारा कोरडा शिधा) म्हणून पीठ, डाळ, मीठ दिलेच, शिवाय चूल पेटवण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही हे ओळखून गरम टिक्कडही (जाड रोट्या) वाढले (सोबतची चटणी मात्र अस्सल निमाडी तिखट!). चपलेचा तुटलेला अंगठा शिवून देणाऱ्या दादांनी तर उलट माझ्याकडेच आशीर्वाद मागितला. आपणा सर्वांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.