शिडाच्या होडीला बंदरात जागा द्या : बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. बंदरे विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोकणातल्या जुन्या बंदरांत शिडाच्या छोट्या होड्या बांधायला बोये (तळाशी जखडलेले तरंगते गोळे), उतरायला पायऱ्या, पिण्याचे पाणी आणि नोंदीची एकच पद्धत असावी, याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र विजयदुर्गच्या खाडीतून लिहिते आहे. ओहोटी लागली आहे, वाघोटण नदीचे पाणी होडीच्या कडेने समुद्राकडे निघाले आहे. माझे पती स्टोव्हवर पेज ठेवून डोलकाठीवरच्या दिव्याची वायर तपासत आहेत. आमची होडी २८ फुटांची, फायबरची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची. सहा वर्षे झाली, दिवाळी उलटली की आम्ही दोघे मांडव्याहून निघतो, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत जातो आणि मे लागायच्या आत परत वर येतो. पावसाळ्यापूर्वी होडी एका खाडीत काठावर ओढून घेतो आणि शाकारून ठेवतो. उरलेले महिने हेच आमचे घर. हे जहाजावर इंजिनिअर होते, मी शाळेत भूगोल शिकवत होते. खारे वारे आणि मतलई वारे मी अठ्ठावीस वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले. त्यांच्यावर माणसाचे घरदार चालू शकते, हे मात्र होडीवर राहायला आल्यावर अनुभवले.

थोडे वाऱ्याबद्दल सांगते, कारण माझी सगळी मागणी त्यावरच उभी आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो. त्याला ओल्या गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास असतो. सकाळी दहाच्या सुमारास तो पडतो आणि समुद्र तासभर तेलासारखा गुळगुळीत होतो. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो, तो सूर्य बुडेपर्यंत टिकतो. खाली मालवणकडे जाताना हा वारा पाठीशी असतो, त्यामुळे प्रवास सुखाचा. परतताना तोच तोंडावर येतो. मग पहाटे तीनला नांगर उचलायचा, मतलई कडेवर घ्यायचा आणि खारा वारा जोर धरायच्या आत पुढची खाडी गाठायची. देवगड ते विजयदुर्ग समुद्रातून जेमतेम २० किलोमीटर, दाभोळ ते जयगड ३० च्या आसपास. शिडाची होडी एका वाऱ्यात एवढेच अंतर कापते. आता नकाशावर राजपुरी, बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण, निवती, वेंगुर्ला ही नावे ओळीने वाचून पाहा. एका वाऱ्यात गाठता येतील अशी ही बंदरे आहेत. ती शिडानेच वसवली, असे मी मानते. आणि त्याच बंदरांत आज शीड लावून आलेल्या होडीला उभे राहायला जागा नाही.

तीन वर्षांपूर्वीची रात्र सांगते. बंदराचे नाव लिहीत नाही, कारण मला कुणा एकाची तक्रार करायची नाही. दुपारचा वारा अपेक्षेपेक्षा जास्त भरला, लाटा फुटू लागल्या, म्हणून आम्ही एका खाडीत शिरलो आणि धक्क्याच्या टोकाला होडी बांधली. हे कागदपत्रे घेऊन नोंद करायला गेले. तिथल्या रजिस्टरात चार रकाने होते : मासेमारी, प्रवासी, माल आणि वाळू. आमची होडी यांपैकी कशातच बसेना. तिथला माणूस उर्मट नव्हता. तो खरोखर अडचणीत पडला होता. नोंद कुठे करायची ते त्याला कळेना, आणि नोंद न करता आम्हाला राहू द्यायची त्याला भीती वाटत होती. शेवटी रात्री अकराला त्याने सांगितले की धक्का सोडा. ओहोटी सुरू झालेली, खाडीच्या मुखाशी पुळण म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, बाहेर अंधार. आम्ही मुखाच्या अलीकडे, मिळेल तिथे नांगर टाकला. नांगर गाळात धरेना. पहाटेपर्यंत आम्ही दोघे आळीपाळीने किनाऱ्यावरच्या दिव्याची दिशा बघत बसलो, होडी सरकते का हे कळावे म्हणून. माझे पती तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. त्या रात्री मला त्यांच्या छातीची काळजी वाटत होती, आणि दिव्यावरची नजरही हलवता येत नव्हती.

सुरक्षेचा प्रश्न आम्हाला कळतो. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातूनच आले, तेही पळवलेल्या मासेमारी बोटीतून. अनोळखी होडी दिसली की चौकशी व्हायलाच हवी, आणि गस्तीचे पोलीस होडीवर येतात तेव्हा आम्ही त्यांना चहा दिल्याशिवाय सोडत नाही. पण आज प्रत्येक बंदरात तीच कागदपत्रे नव्याने दाखवावी लागतात, एका ठिकाणची नोंद दुसऱ्याला माहीत नसते. म्हणजे आम्ही कुठे आहोत हे खरे तर कुणालाच सलग कळत नाही. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, होड्यांना रंगसंकेत मिळाला. तसेच आम्हालाही एक पुस्तक द्या. एका ठिकाणी नोंद, पुढच्या प्रत्येक बंदरात फक्त आल्या-गेल्याचा शिक्का, आणि ती माहिती सागरी पोलीस, तटरक्षक दल आणि सागरी मंडळ या तिघांनाही एकाच वेळी दिसावी. यात आमची सोय आहे आणि पहारेकऱ्यांचीही.

आम्हाला मरिना, म्हणजे हौशी होड्यांसाठी बांधलेले सुसज्ज बंदर, नको आहे. कोचीत बोलगाटी बेटावर मरिना आहे, चांगली आहे, पण कोकणातल्या प्रत्येक खाडीत तसे काही बांधायला निघालात तर खाजण आणि खारफुटी जाईल. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे ४८ लहान बंदरे आहेत. त्यांतल्या पंधरा-वीस ठिकाणी, मासेमारीच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने, तीन-चार भक्कम बोये टाका. खाली काँक्रीटचा ठोकळा, वर साखळी, बस्स. बोया असला की नांगर गाळ उकरत नाही आणि रात्री झोप लागते. धक्क्याला ओहोटीतही उतरता येईल अशा पायऱ्या करा. रायगडच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. ओहोटीला धक्का डोक्याच्या कितीतरी वर जातो आणि माझ्या वयाच्या बाईला टायरला धरून वर चढावे लागते. फक्त माझा प्रश्न नाही हा. मासळीची पाटी घेऊन चढणाऱ्या बायका रोज हेच करतात. आणि एक नळ. गोड्या पाण्याचे कॅन आम्ही गावातून रिक्षाने आणतो. जयगडला एका मावशींनी आपल्या विहिरीवरून सहा कळश्या भरून दिल्या, पैसे विचारले तर रागावल्या.

मच्छीमारांचे ऋण मोठे आहे, म्हणून त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट मागते. निवतीच्या बाहेर एकदा काळोखात आमच्या होडीच्या इंजिनाचा पंखा जाळ्यात अडकला. जाळ्याच्या टोकाला दिवा नव्हता, नुसता थर्मोकोलचा तुकडा. चूक कुणाची, यावर भांडण होऊ शकले असते. पण ज्याचे जाळे होते तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, स्वतः पाण्यात उतरला, हाताने दोर सोडवला, आणि जाळे थोडे कापावे लागले तेव्हा आमच्याहून त्यालाच जास्त वाईट वाटले, कारण महिन्याची कमाई त्यात होती. जाळ्यांच्या टोकांना लावायचे सौर दिवे मच्छीमार सोसायट्यांमार्फत अनुदानावर द्या. मोठ्या जहाजांच्या वाटेत जाळी तुटून होणारे नुकसानही त्याने कमी होईल.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. बातमी ऐकली तेव्हा मी रडले. हे चारही किल्ले मी पाण्यावरून, शिडाखाली बसून पाहिले आहेत. विजयदुर्गाचा तट समुद्रातून येताना आधी एक गडद रेघ दिसतो, मग बुरूज सुटे होतात, आणि खाडीत वळलात की वारा एकदम थांबतो. आंग्र्यांनी आपले आरमार इथे का ठेवले ते तेवढ्या एका वळणात कळते. इथून थोडे आत, खडक फोडून केलेली त्यांची गोदी अजून आहे. त्या पाण्यावर आज शीड मात्र क्वचितच दिसते. शिडाच्या वाऱ्याचे शहाणपण माहीत असलेले तांडेल आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मालवणच्या एका आजोबांनी मला शीड कधी आखडायचे ते आकाशाकडे न बघता, पाण्याचा रंग दाखवून शिकवले. त्यांच्या नातवाला ते येत नाही. त्याच्याकडे शिडाची होडीच नाही.

आपल्या माणसांत शीड हाकायची हिंमत नाही असे मुळीच नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली होती. ‘तारिणी’ही तिथलीच. नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी तिच्यावरून ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि मे २०२५ अखेर जगाला वळसा घालून परतल्या. दोघीच, आठ महिने. आमच्या मधल्या खोलीत त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला आहे. अशी मुले-मुली किनाऱ्यावरच्या गावांत तयार व्हायची तर त्यांना डोळ्यांसमोर शिडे दिसली पाहिजेत, आणि शिडे यायची तर त्यांना रात्री बांधायला जागा पाहिजे.

वादळाच्या दिवसांचे तर मी वेगळे सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळ आले तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी होड्या देवगडच्या आसऱ्याला आल्या होत्या. देवगडकरांनी त्यांना जेवू घातले. आसऱ्याला आलेल्याला हाकलायचे नाही, ही या बंदरांची रीत आहे. तिला सरकारी कागदावर जागा मिळावी, एवढेच म्हणणे.

शेवटी, आम्ही रिकाम्या हाताने मागत नाही. या सहा वर्षांत मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत एकोणीस खाड्यांच्या मुखांशी आम्ही शिशाचा गोळा दोरीला बांधून पाण्याची खोली मोजली आहे. भरती-ओहोटीची वेळ, तिथी, पुळण दर वर्षी कुठल्या अंगाला सरकली, रात्री कोणता दिवा दिसतो आणि कोणता बंद आहे, हे सगळे तीन वह्यांत माझ्या अक्षरात आहे. बोये कुठे टाकावेत याच्या खुणाही केल्या आहेत, त्या त्या गावच्या मच्छीमारांना विचारून. आपल्या खात्याने माणूस पाठवावा, वह्या त्याच्या हाती देऊ. होळीपर्यंत आम्ही विजयदुर्ग ते मालवण या टप्प्यात आहोत, त्यानंतर मतलई धरून वर सरकू.

आपली नम्र,
एका शिडाच्या होडीवरची निवृत्त शिक्षिका
(आणि दिवा दुरुस्त झाल्यावर ज्यांनी हे पत्र वाचून सही केली, ते माझे पती)
मुक्काम : विजयदुर्ग खाडी